मलमलीसारखी राख

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी राखेची प्रमुख. साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, चहा विचारला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. एवढा मान माणसाला गळ्यात धोंडा अडकवण्याआधीच मिळतो. म्हणाले, "इंधनाची खरेदी तुम्ही उत्तम सांभाळलीत. आता राख सांभाळा."

म्हणजे शेतातला पेंढा, तूस, वाळकी ताटं आत आणण्याचं काम दुसऱ्याला, आणि ते जळून वीज झाल्यावर जे उरतं ते मला. आमच्या विजेचं कौतुक सगळे करतात. कचऱ्यातून उजेड, आणखी काय पाहिजे! राखेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती मागच्या आवारात कुंपणाच्या भिंतीएवढी झालीय. उन्हाळा संपेपर्यंत जागा संपणार, आणि जागा संपली की भट्टी बंद. "खपवा कशीही," साहेब म्हणाले. जशी काही गरम जिलबीच आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. मशीन सोबत आणलंय, पण त्यावर जी चादर घातलीय ती काढलेली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि समोर टीव्हीवर जे लागेल ते बघतात.

"बाबा, मला राखेवर बसवलं."

"बरं," बाबा म्हणाले. झालं आमचं संभाषण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्ग सापडला. राख मातीत घालतात. झाडांना हवं ते पुष्कळ असतं त्यात. कुंड्या, परसबागा, रोपवाटिका, सगळीकडे देता येईल. फुकट दिली तर लोक धावत येतील. फुकट ते पौष्टिक!

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडून राख तपासून घेतली. त्यांना सगळे 'किंतुपरंतु' म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. "नमुना चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मातीत घालायला हरकत नाही. परंतु..." मी तेवढ्यात कागद उचलला आणि निघाले. त्यांच्या परंतुला सुरुवात असते, शेवट नसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक पोतं घरी आणलं. आमच्या तळमजल्याच्या घरामागे एक पट्टा आहे, त्यात आजवर तणाशिवाय काही उगवलं नाही. बाबांना म्हटलं, बघा तरी. ते उठले हेच मोठं. पोत्यात हात घालून राख चिमटीत धरली, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, अगदी दुकानात गिऱ्हाइकाचं कापड बघायचे तसं.

"जाडीभरडी आहे. पोत नाही."

आणि परत खुर्चीत. मी तिथेच उभी. लहानपणी मी बाहुलीचा झगा शिवून दाखवायचे. सगळे 'वा वा' म्हणायचे. बाबा शिवण उलटून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उसव." आता माझे केस पांढरे व्हायला लागले तरी तो शब्द आठवला की मी पुन्हा तो झगा हातात धरून उभी असते. राखेलाही पोत लागतो म्हणे! उकिरड्यावर टाकायची वस्तू आहे ती!

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, हे लिहायला त्रास होतोय. रोपवाटिकावालाही तेच म्हणाला, "बाई, ही तर खडी आहे."

आज शेडमध्ये फिरले. आपल्याकडे राख दोन प्रकारची पडते हे मला कागदावर माहीत होतं, डोळ्यांनी आज पाहिलं. भट्टीच्या तळाशी जी पडते तिला कामगार 'भरड' म्हणतात. काळपट, खडे खडे असलेली. आणि धूर चिमणीत जाण्याआधी मोठमोठ्या कापडी पिशव्यांतून गाळला जातो, त्या पिशव्यांत जी अडकते ते 'पीठ'. काय सुंदर! करडं, मऊ, बोटांतून पाण्यासारखं सांडणारं. हे एवढं सोनं आपण वेगळ्या पिंपात भरून, झाकण लावून, कोपऱ्यात ठेवतो.

मुकादमाला म्हटलं, भरड चाळणीतून काढा आणि त्यात हे पीठ मिसळा.

"पीठ वेगळं ठेवायचा नियम आहे, बाई."

"का?"

"ते काही माहीत नाही. पहिल्यापासून आहे."

मला हसू आलं. कुणी घातला माहीत नाही, का घातला माहीत नाही, पण पाळतात सगळे. इथे माझं डोकं चालवायला मला पगार मिळतो. चालवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी चिमटीत धरली. घासली. परत घासली. खिडकीच्या उजेडात बोट धरून बघितलं.

"हां. आता मलमल."

मलमल! माझ्या हातच्या कुठल्याही वस्तूला हा माणूस पहिल्यांदा बरं म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली. संध्याकाळी बघते तर बाबा मागच्या दारी फावडं घेऊन उभे. टीव्ही बंद.

३ मार्च, सोमवार

पोती छापून आली. हिरव्या अक्षरांत 'तपासलेली राख', खाली रोपट्याचं चित्र. लोक गाड्या घेऊन फाटकाशी उभे राहतात. ढीग खरोखर उतरायला लागलाय. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. ज्यांनी मला 'राखुंडी' म्हणायला सुरुवात केली होती तेच आता कुंड्यांसाठी पोतं मागतात.

किंतुपरंतु जेवणाच्या सुट्टीत आडव्या आल्या. "तुम्ही मिश्रण बदललंत असं ऐकलं. नवा नमुना पाठवा. मी तपासली ती भरड होती."

"अहो, तीच भट्टी, तोच पेंढा. एका आईची दोन लेकरं."

"एका आईची असली तरी..."

"पाठवते, पाठवते," म्हटलं. काही माणसांना दुसऱ्याचं जमलेलं बघवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बाबांनी गेल्या महिन्यात पालक लावला, तो आता उगवलाय. एका लाकडी चौकटीवर जुनं धोतर ताणून बसवलंय आणि माझी राख त्यातून पुन्हा चाळतात. "मलमल काय, त्याहून तलम काढतो बघ," म्हणाले. मागच्या दारी नुसता ढग असतो. भुवया पांढऱ्या, नाक पांढरं, त्यात डोळे तेवढे चमकतात. आई असती तर अंगणातच बादली ओतली असती त्यांच्यावर.

थोडा खोकला झालाय. हवा बदलतेय, मलाही जरा सर्दी आहे.

२६ मार्च, बुधवार

पालक वर आला. तळहाताएवढी पानं. बाबांनी जुड्या बांधल्या, दोऱ्याने, एकसारख्या, आणि इमारतीत वाटल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी सांगत होत्या, "तुमचे बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या लेकीच्या राखेतला आहे." मला म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "मीठ कमी पडलंय भाजीत."

वहिनींच्या सुनेला दिवस गेलेत, तिला बाबा मुद्दाम मोठी जुडी देतात. लोह असतं म्हणे.

खोकला चालूच. आल्याचा काढा दिला. मातीत गांडुळं दिसत नाहीत असंही बाबा म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या शिस्तीला घाबरून पळाली असतील.

७ एप्रिल, सोमवार

किंतुपरंतूंनी माझी वाट न बघता थेट शेडमधून नमुना उचलला म्हणे! मुकादमाने सांगितलं. माझ्या विभागात, मला न विचारता. मी साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, "करू द्या हो, त्यांनाही काहीतरी काम हवं." हे ऐकून बरं वाटलं. का बरं वाटलं कोण जाणे. उद्या माझ्याबद्दलही असंच म्हणतील.

सध्या भट्टी मंद चालवतात. पेंढा कमी येतोय, पुरवून पुरवून जाळायचा. गठ्ठ्यांवरचं प्लास्टिक आणि सुतळी कापायला माणसं नाहीत, म्हणून गठ्ठे तसेच आत ढकलतात. चिमणीतून पूर्वी काही दिसायचं नाही, आता दिसतं. पण तो काही माझा विभाग नाही.

१९ एप्रिल, शनिवार

किंतुपरंतूंनी प्रयोगशाळेत बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी दार लावलं, स्टूल पुढे केलं आणि पहिल्यांदाच एकही परंतु न लावता बोलल्या.

"यात कॅडमियम आहे, विषारी धातू. मातीसाठी चालतं त्याच्या कितीतरी पट. शिवाय अर्धवट जळण्यातून होणारी डांबरासारखी विषं. आणि बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेच्या तपासणीत डायॉक्सिनसारखं जहाल विषही निघालंय. ते प्लास्टिक आत जातंय त्यातून आलं असणार."

"पण तुम्हीच चांगली आहे म्हणालात!"

"भरड चांगली होती. पिकं मातीतून थोडा थोडा धातू ओढतात. भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते, धुरासोबत वर जाते, आणि गार होताना बारीक राखेवर बसते. जेवढी राख बारीक तेवढं जास्त बसतं. म्हणून तर त्या पिशव्या बसवल्यात ना."

मी स्टुलावर बसूनच राहिले. हवेत जाऊ नये म्हणून जे अडवतात, तेच पिशव्या झटकून मी लोकांच्या परसात पोचवलं. वर छापून, 'तपासलेली'.

"त्या दिवशी मी हेच सांगत होते," त्या म्हणाल्या. "परंतु पिशव्यांतली मिसळू नका."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं.

२१ एप्रिल, सोमवार

साहेबांना सांगितलं. पोती परत मागवू या, लोकांना सांगू या. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं, उतरलेल्या ढिगाकडे.

"कोणी आजारी पडलंय?"

"अजून नाही. पण हे आज खाल्लं आणि उद्या झोपलं असं नसतं, साहेब. वर्षानुवर्षं साचतं."

"मग घाई कशाला? पीठ अर्धं करा. पातळ केलं की मर्यादेत बसेल."

दुधात पाणी घालतात हे माहीत होतं. विषात राख घालून ते दूध होतं हे आज कळलं. मी म्हटलं, पीठ आजपासून पूर्ण बंद. आणि जे गेलंय ते? "जे गेलं ते गेलं," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजलाच नव्हता.

मुकादमाला पीठ पिंपात भरायला सांगितलं. "नियम होताच की, बाई," तो म्हणाला. एवढा राग आला, आणि कोणावर काढायचा ते कळेना.

२२ एप्रिल, मंगळवार

रजा काढून घरी राहिले, तरी बाबांना सांगितलं नाही.

जेवायला पालकाची भाजी होती. पोट बिघडलंय असं सांगून ताट सरकवलं. बाबांचं ताट मात्र मला सरकवता येईना. ते जेवताना मी बघत बसले. माझ्यासारखी भेकड बाई शोधून सापडणार नाही. दुपारी ते पुन्हा चाळायला निघाले तेव्हा म्हटलं, ऊन आहे, नका जाऊ. "ऊन कुठेय?" म्हणाले. खरंच नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार

धोतराची चौकट मी लपवली. माळ्यावर, जुन्या गाद्यांमागे. बाबा सकाळभर शोधत होते. शेवटी मलाच विचारलं, "अगं, माझी चाळणी बघितलीस का?" मी नाही म्हटलं. मग ते खुर्चीत बसले आणि टीव्ही लावला. बातम्या, कार्टून, परत बातम्या. मी कामावर निघून गेले.

किंतुपरंतु दुपारी टेबलापाशी येऊन गेल्या. "राखेत चुन्यासारखे क्षार खूप असतात. त्यामुळे धातू पानांत फारसा उतरला नसेल अशी शक्यता आहे. परंतु श्वासातून गेलेल्या धुळीला हे लागू नाही." माझ्या बाबांचं त्यांना काहीही माहीत नाही. तरी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

२७ एप्रिल, रविवार

सांगितलं.

बाबा दारात चपला घालत होते, हातात वहिनींच्या सुनेसाठी जुडी. मी ती काढून घेतली. त्यांनी ओढली, मी ओढली, दोरा तुटला आणि पानं जमिनीवर. "वेड लागलं का?" म्हणाले. मग मी तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, भरड, पीठ, पिशव्या, किंतुपरंतूंचा तो कागद घेऊन कशी पळाले ते. तुम्ही पोत नाही म्हणालात म्हणून मिसळलं, हे मात्र सांगायचं नव्हतं. तेही तोंडातून निघून गेलं.

बाबांनी एक पान उचललं, उलटून बघितलं.

"पोत्यावर काय छापलंय?"

"तपासलेली."

"तपासली होती?"

"नाही."

"मग उसव."

आणि फावडं घेऊन मागे गेले. मी नाकाला फडकं बांधायला लावलं, पाणी शिंपडून माती ओली केली, आणि आम्ही दोघांनी तो पट्टा खणून पोत्यांत भरला. पालक मुळासकट. बाबा माती अशी उचलत होते की बाजूची विटांची ओळ हलली नाही. मध्ये एकदा मी घाईने फावडं मारलं तेव्हा म्हणाले, "उसवताना कापड फाडायचं नसतं."

४ मे, रविवार

आठवडाभर कामावरून आल्यावर दारोदार फिरतेय. बाबा सोबत येतात. नका म्हटलं तरी येतात. काही जण पोतं मुकाट्याने परत देतात. काही जण तोंडावर दार लावतात. एका काकांनी टोमॅटो दाखवले, "हे बघा, क्रिकेटच्या चेंडूएवढे! आणि तुम्ही म्हणता वाईट आहे?" एक बाई म्हणाल्या, दिलेलं दान परत मागतात का कुठे. रोपवाटिकावाल्याने तर मला समजावलं की सगळं जगच विषारी आहे. ज्यांना फुकट घ्यायला दोन मिनिटं लागली त्यांना फुकट परत द्यायला मी पाय धरायचे बाकी ठेवलेत!

वहिनींकडे मी गेले तेव्हा सून आतल्या खोलीतून बाहेर आली आणि पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "पोरी, भाजी मी दिली होती. हिने नाही." ती तरी माझ्याकडेच बघत होती. डॉक्टरांना आवर्जून सांग, एवढं मी कसंबसं बोलले.

परत आलेली पोती मी आमच्या कार्यालयाच्या पुढच्या दाराशी रचलीत. मागच्या आवारात नाही, पुढे, जिथे साहेबांची गाडी लागते तिथे.

६ मे, मंगळवार

राखेवर नवा माणूस आला. तरुण आहे, उत्साही आहे. साहेबांनी माझ्यासमोर त्याला खुर्ची दिली आणि चहा विचारला. मला 'काही दिवस विश्रांती घ्या' असं सांगितलंय. कंपनीबद्दल बाहेर काही बोलू नका, हेही.

मी त्या मुलाला फाटकाशी गाठलं आणि एकच सांगितलं, प्रयोगशाळेतल्या बाई परंतु म्हणाल्या की थांबायचं. तो हसला. मीही अशीच हसले असते.

१० मे, शनिवार

बाबांचा खोकला थांबेना म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, दिव्यासमोर धरला आणि चष्मा वर करून पुन्हा बघितला.

"धुळीचं काम करत होता का कधी?"

"शिवणकाम," बाबा पटकन म्हणाले. "सुताचे तंतू, डॉक्टर. जन्मभर. ते साचलं असणार."

मी बघतच राहिले. जन्मभर त्यांना साधा खोकला झाला नव्हता. आणि हा माणूस, ज्याने कधी अर्ध्या इंचाची चूक चालवून घेतली नाही, तो सरळ डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलत होता, आणि माझ्याकडे न बघता टेबलाखाली माझा हात दाबत होता, गप्प बस म्हणून.

"सुताचे नाहीत, डॉक्टर," मी म्हटलं. "राख आहे. आमच्या कंपनीची. मी दिली. आणि ह्यांच्यासारखे आणखी पुष्कळ असतील."

डॉक्टरांनी पेन उचललं. राखेत काय काय होतं ते मी सांगत गेले, कॅडमियमपासून सगळं, आणि ते लिहीत गेले. किंतुपरंतूंचा फोन नंबरही दिला. हे असं वर कळवावं लागतं, डॉक्टर म्हणाले. कळवा, मी म्हटलं. बाबांच्या फुप्फुसांचं मात्र ते काही नक्की सांगेनात. आणखी तपासण्या, मग बघू.

बाहेर आल्यावर बाबा भडकले. "काय गरज होती? नोकरी जाईल तुझी!"

"तुम्हीच म्हणालात ना, उसव."

"मी पोत्यांबद्दल म्हणालो होतो."

मग खोकला आला आणि बोलणं तिथेच तुटलं. बसथांब्यावर बाकावर बसवलं, पाणी दिलं. बस येता येईना. ऊन, धूळ, हॉर्न. मी साहेबांना, त्या पिशव्यांना, स्वतःला, मनातल्या मनात लाखोली वाहत उभी होते. तेवढ्यात माझ्या बाहीला चिमटा बसला. बाबांनी कापड अंगठा आणि बोटात धरलं होतं.

"इथे उसवलंय," ते म्हणाले. "कधीपासून अशीच हिंडतेस? घरी गेल्यावर मशीनवरची चादर काढ. टीप घालून देतो."